कपाटात देखणा, पटावर अवजड

बांदाई या जपानी खेळणी कंपनीच्या हाय ग्रेड मालिकेतील १/१४४ प्रमाणाचा गंडम (जपानी ॲनिमेशन मालिकेतील यंत्रमानव) या प्रतिकृतीचा संच गोंदाशिवाय जोडता येतो आणि त्याचे भाग रंगीत प्लास्टिकमध्येच येतात. रत्नागिरीच्या पावसाळ्यात, जेव्हा रंग वाळता वाळत नाही, ही सोय मोठीच. पटावरच्या युद्धखेळासाठी मात्र तो घेऊ नये, कारण १८ मीटर उंचीचा यंत्रमानव येथे साडेबारा सेंटिमीटरचा होतो, आणि आमच्या ७४ सेंटिमीटरच्या कॅरम बोर्डावर (पट म्हणून तोच हाताशी) असे जेमतेम पाच एका ओळीत आडवे मावत असल्याने डावपेचांना जागाच उरत नाही. याउलट बॅटलटेक या यंत्रमानवांच्या युद्धखेळातील छोट्या आकृत्यांमुळे २० टनी चपळ टेहळ्या आणि १०० टनी धूड एकाच पटावर नांदतात. माझ्या गंडम संचातील अँटेना तुटकी निघाली, ती विक्रेत्याने बदलून दिली नाही.