तुंबलेल्या तेलग्रंथी आणि कोरडे डोळे: शेक, मशीन की गोळ्या?

डोळे चुरचुरतात, सकाळी पापण्यांना चिपडं असतात, वाऱ्यात गेलं की घळाघळा पाणी वाहतं, आणि तपासल्यावर डॉक्टर सांगतात की डोळे कोरडे आहेत. पाणी वाहणारा डोळा कोरडा कसा, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. अश्रू तयार होतात, पण डोळ्यावर टिकत नाहीत. पापणीच्या कडेला, केसांच्या जरा मागे, मायबोमियन नावाच्या तेलग्रंथींची तोंडं एका रांगेत असतात. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३०. प्रत्येक वेळी पापणी मिटली की त्यांतून थोडं तेल बाहेर येतं आणि अश्रूंवर पातळ थर धरतं. हे तेल घट्ट होऊन आत अडकलं की अश्रू भराभर उडून जातात, बुबुळ उघडं पडतं आणि मग डोळा घाबरून पाणी सोडत राहतो. त्या पाण्यात तेल नसतं, म्हणून तेही टिकत नाही.

यावरचे उपाय बरेच आहेत आणि त्यांतला प्रत्येक उपाय कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ‘हाच रामबाण’ म्हणून कानावर येतो. माझ्या मते निवड उपायांच्या यादीपासून सुरू करूच नये. आधी ग्रंथींची अवस्था विचारावी. डॉक्टर स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पापणीची कडा बोटाने किंवा कापसाच्या काडीने हलकेच दाबतात. निरोगी ग्रंथीतून स्वच्छ, पातळ तेलाचा ठिपका वर येतो. बिघाड सुरू झाला असेल तर ते गढूळ दिसतं, पुढे कणीदार होतं. आणखी पुढच्या टप्प्यात टूथपेस्टसारखी घट्ट वळी बाहेर पडते, नाहीतर कितीही दाबलं तरी काहीच येत नाही. सोय असेल तर मायबोग्राफीही करून घ्यावी. या इन्फ्रारेड छायाचित्रात कुठल्या ग्रंथी शाबूत आहेत, कुठल्या आखडल्या आहेत आणि कुठे नुसती रिकामी जागा उरली आहे ते दिसतं. ग्रंथी तुंबलेली असली तर ती मोकळी करता येते. पूर्ण सुकून गेलेली ग्रंथी परत आणण्याची खात्री आज कुठलाच उपाय देत नाही. मशीनवर खर्च करण्याआधी हे छायाचित्र बघायला मागायचं ते याचसाठी.

कापड की मास्क

शेकाचं उद्दिष्ट साधं आहे: घट्ट झालेलं तेल वितळवणं. त्यासाठी पापणीच्या आतल्या बाजूला सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमान काही मिनिटं टिकावं लागतं. गरम पाण्यात बुडवून पिळलेलं कापड इथेच कमी पडतं. दोनेक मिनिटांत ते कोमट होतं. दर दोन मिनिटांनी नवं गरम कापड घेत दहा मिनिटं बसलात तर तेही काम करतं, पण असं रोज करणारा माणूस विरळा. मण्यांचा किंवा जेलचा गरम करायचा मास्क आठ-दहा मिनिटं ऊब धरून ठेवतो, त्यामुळे माझा कौल निःसंशय मास्कला. विजेवर चालणारे मास्कही मिळतात. त्यांत तापमान किती राहतं हे लिहिलेलं असेल तरच विचार करावा. मनगटाच्या आतल्या बाजूला चटका बसतोय असं वाटलं तर तो पापणीसाठी जास्तच गरम आहे.

शेकानंतरचा अर्धा मिनिट लोक सोडून देतात, आणि शेकाचा उपयोग झाला नाही अशी तक्रार करतात. तेल वितळलं तरी ते आपोआप बाहेर पडत नाही. मास्क काढल्याबरोबर, पापणी गरम असतानाच, वरच्या पापणीवर बोट वरून खाली केसांच्या दिशेने फिरवायचं, खालच्या पापणीवर खालून वर. दाब पापणीवर द्यायचा, डोळ्याच्या गोळ्यावर नाही. केराटोकोनस (बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येणं) असणाऱ्यांनी आणि काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनी हा मसाज डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. शेकल्यावर काही मिनिटं धूसर दिसलं तर घाबरायचं कारण नाही. सुरुवातीला दिवसातून दोनदा, बरं वाटू लागलं की एकदा. फरक कळायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत निकाल लावू नये.

घरचा शेक की दवाखान्यातलं मशीन

लिपिफ्लो हे यातलं सर्वात नावाजलेलं मशीन. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने २०११ मध्ये त्याला मंजुरी दिली. बाहेरून शेकताना उष्णता कातडीतून आत जाता जाता कमी होते. इथे बुबुळाचं रक्षण करणारी वाटी डोळ्यावर बसवून पापणीला आतून ऊब देतात आणि त्याच वेळी बाहेरून ठेका धरल्यासारखा दाब देतात. सगळं बारा मिनिटांत आटोपतं. कल्पना उत्तम आहे. पण कॉक्रेन या, उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या आढाव्यात इतर प्रचलित उपचारांपेक्षा हे मशीन ठामपणे सरस असल्याचा पुरावा सापडला नाही. इथेच जाहिरात आणि वस्तुस्थिती यांत अंतर पडतं. मशीन वाईट नाही, पण रोज नेमाने शेक-मसाज करणाऱ्याला त्यातून फार वेगळं काही मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. परिणाम काही महिने टिकतो आणि मग प्रश्न परत उभा राहतो. टिअरकेअरसारख्या पद्धतीत पापणीला बाहेरून पट्ट्या लावून शेकतात आणि मग डॉक्टर चिमट्याने ग्रंथी पिळून काढतात. थोडं दुखतं, पण घट्ट वळी बाहेर काढायला हाताचा दाब कधीकधी जास्त कामाला येतो.

मग मशीन कुणी घ्यावं? ज्याच्या हातात संधिवात आहे, हात कापतो किंवा कामाच्या वेळा अशा आहेत की रोजचा शेक होणारच नाही, आणि ज्याच्या ग्रंथी छायाचित्रात बऱ्यापैकी शाबूत दिसतात, त्याने. दाबल्यावर काहीच येत नाही आणि छायाचित्रात अर्ध्याहून जास्त जागा रिकामी आहे, तिथे त्याच रकमेतून फारसं हाती लागत नाही.

आयपीएल की गोळ्या

पापण्यांच्या कडा लाल आहेत, त्यांवर बारीक रक्तवाहिन्यांची जाळी दिसते, गालांवर रोझेशिया या त्वचाविकाराची लाली आहे, म्हणजे नुसतं तुंबणं नाही, सूजही आहे. अशा वेळी फक्त शेकाने भागत नाही. इथे दोन वाटा आहेत.

आयपीएल म्हणजे तीव्र प्रकाशाचे झटके, डोळ्यांखाली आणि गालांवर दिले जाणारे. रोझेशियाच्या रुग्णांवर हा उपचार करताना त्यांचे डोळेही सुधारतात असं दिसलं आणि तिथून तो इकडे आला. साधारण चार बैठका, मध्ये दोन ते चार आठवड्यांचं अंतर. पण त्वचेला रंग देणारं मेलॅनिन हा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे गडद त्वचेवर भाजण्याचा आणि डाग पडण्याचा धोका वाढतो. त्वचेचा रंग उजळ ते गडद अशा सहा प्रकारांत मांडणाऱ्या फिट्झपॅट्रिक मोजपट्टीवर पाचव्या-सहाव्या प्रकारच्या त्वचेला तो सहसा देत नाहीत, चौथ्या प्रकारातही जपूनच. बैठकीला बसण्याआधी ‘माझी त्वचा कितव्या प्रकारात येते आणि ऊर्जा किती ठेवणार’ हे विचारा. उत्तर टाळलं गेलं तर उठून या. डोळ्यांवर संरक्षक कवच नसेल तर तर नक्कीच. कॉक्रेनच्या २०२० च्या आढाव्यात याही उपचाराचा पुरावा तोकडा ठरला होता.

दुसरी वाट डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळीची. काही आठवडे ते काही महिने कमी मात्रेत देतात. इथे तिचं काम जंतू मारण्यापुरतं नाही, ती सूज उतरवते आणि तेल बिघडवणाऱ्या जिवाणूंच्या विकरांना लगाम घालते. पोट बिघडणं, उन्हाने त्वचा पटकन भाजणं हे त्रास ओळखीचे. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. गरोदरपणात आणि लहान मुलांना ती देत नाहीत. अझिथ्रोमायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाचा कोर्स छोटा असतो, म्हणून पुरा करणं सोपं जातं, पण हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता असेल तर ते आधी सांगायला हवं. दोन्ही वाटा एकदम धरताना सावध राहा: डॉक्सिसायक्लिनने त्वचा प्रकाशाला हळवी होते, आणि आयपीएल म्हणजे प्रकाशच.

गडद त्वचा असेल तर मी गोळ्यांकडे झुकेन. गोळ्या पोटाला झेपत नाहीत आणि त्वचा उजळ आहे, तर आयपीएलचा विचार होऊ शकतो.

थेंब, कॅप्सूल आणि पापणीतला कोंडा

कृत्रिम अश्रू सगळेच वापरतात. ते आराम देतात, ग्रंथी मोकळी करत नाहीत. या प्रकारात तेलाचा अंश असलेले थेंब निवडावेत, आणि दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालायचे असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले. लाली घालवणारे थेंब दूर ठेवा, आणि स्टिरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने तर मुळीच नकोत, त्याने डोळ्याचा दाब वाढतो आणि मोतीबिंदूही होऊ शकतो. सायक्लोस्पोरिनचे थेंब सूज कमी करतात, पण महिने घेतात आणि सुरुवातीला झोंबतात. परफ्लुरोहेक्झिलऑक्टेन या नव्या थेंबांत पाणीच नसतं, ते थेट बाष्पीभवन रोखतात. अमेरिकेत त्यांना २०२३ मध्ये मंजुरी मिळाली.

ओमेगा-३ कॅप्सूलबद्दल थोडक्यात: २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कोरड्या डोळ्यांवरच्या ड्रीम चाचणीत ५३५ जणांना वर्षभर रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ किंवा ऑलिव्ह तेल दिलं गेलं. दोन्ही गटांना बरं वाटलं, फरक काही निघाला नाही. मी त्यावर खर्च करणार नाही.

उलट पापणीच्या केसांच्या मुळाशी बघायला विसरू नका. खाली बघितल्यावर वरच्या केसांच्या बुंध्याला मेणचट पारदर्शक कड्यांसारखा कोंडा दिसत असेल तर तो बहुधा डेमोडेक्स या केसांच्या मुळांत राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांचा माग असतो. मग शेक कितीही केला तरी खाज जात नाही. टी ट्री तेलाच्या तयार पुसण्या किंवा लोटिलॅनर थेंब (सहा आठवडे, दिवसातून दोनदा) हे त्यावरचे उपाय. शुद्ध टी ट्री तेल डोळ्याजवळ नेऊ नका, ते बुबुळाला पोळवतं.

मोतीबिंदूची किंवा चष्म्याचा नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया ठरली असेल तर मात्र हे सगळं गणित बदलतं. अश्रूंचा थर फाटका असेल तर बुबुळाची मोजमापं चुकतात, आणि त्यावरून बसवलेल्या लेन्सचा नंबरही. तारीख जवळ असेल तर मशीनचा झटपट उपाय, एरवी ज्याला मी दुसरा क्रमांक देतो, तो पहिला ठरू शकतो. तारीख लांब असेल तर काही आठवडे शेक-मसाज करून मोजमापं पुन्हा घ्यायला सांगा, आणि दोन वेळची मोजमापं जुळेपर्यंत लेन्स ठरवू देऊ नका.