एक पान, जॅम की प्रकाशकाची स्पर्धा? सिनॅरिओ पाठवण्याआधी

टेबलटॉप आरपीजीसाठी (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, बोलत खेळायचा खेळ) सिनॅरिओ, म्हणजे त्यात खेळायचा प्रसंग, लिहून झालाय, स्पर्धेला पाठवायचाय, पण कुठल्या ते ठरत नाहीये, अशांसाठी हे लिहितोय. मी एकच गोष्ट दोन स्पर्धांसाठी दोनदा लिहिली आहे, त्यामुळे दोन्हींतला फरक मला चांगलाच कळला आहे.

गोष्ट मुंबईचीच. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक. 'फोर्ट स्टिकीन' जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी, सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. दुपारी दोनच्या सुमारास आग लागल्याचं लक्षात आलं. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात गेले. दरवर्षी १४ एप्रिलला आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो तो त्यांच्या स्मरणार्थ. आग दिसल्यापासून पहिल्या स्फोटापर्यंतच्या दोन तासांत जहाज तिथेच बुडवावं की बाहेर समुद्रात न्यावं, यावर एकमत होत नव्हतं. तुमचे खेळाडू त्या दोन तासांत धक्क्यावर असतील तर ते काय करतील? माझा सिनॅरिओ तेवढाच आहे. घड्याळही खरं चालतं: दोन तासांचा प्रसंग, दोन तासांचं सेशन.

आधी एका पानाची स्पर्धा. 'वन पेज डंजन कॉन्टेस्ट' २००९ साली सुरू झाली. डंजन म्हणजे खेळाडू ज्यात शिरतात ती जागा. नियम नावातच आहे: एका बाजूचं एकच पान, त्यातच नकाशा आणि त्यातच मजकूर. परीक्षकापुढे अशा पानांची चळत असते. तो तुमचं पान हातात घेतो तेव्हा जागा लगेच डोळ्यापुढे उभी राहिली पाहिजे, हे इथलं खरं मोजमाप. मी मधोमध डॉकचा नकाशा काढला: जहाज, दोन नंबरचं होल्ड (जहाजाच्या पोटातली माल ठेवायची जागा), बंब, गोदामं, फाटक. डाव्या कडेला दोन ते चार असं घड्याळ, आणि प्रत्येक पंधरा मिनिटांपुढे 'कुणीच काही केलं नाही तर काय होईल' ते एका ओळीत. हे पान अजूनही मला आवडतं. इतिहासाची तीन पानं मी जिवापाड जमवली होती. ती गेली आणि सिनॅरिओ सुधारला.

पण माणसंही गेली. गोदीतला मुकादम, त्याचा बंबावर काम करणारा धाकटा भाऊ, होल्डमध्ये काय आहे हे कागदावर वाचलेला टॅली क्लार्क (मालाची मोजदाद ठेवणारा कारकून), या तिघांना मिळून चार ओळी मिळाल्या. त्यांच्यात काय चाललंय हे त्या चार ओळींतून कुणालाच कळलं नसतं.

याच स्पर्धेसाठी एक व्यवहाराची गोष्ट. स्क्रीनवर सात पॉइंटचा टाइप वाचता येतो, कारण आपण बोटांनी पान मोठं करतो. मी दादरला झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढली तेव्हा घड्याळाच्या ओळी मलाच वाचता येईनात. नऊ पॉइंटच्या खाली जाऊ नका, गरज पडली तर नकाशातली एक खोली कमी करा. आणि कागद: आपण ए-फोर वापरतो, अमेरिकेत लेटर. लेटर रुंदीला सहा मिलिमीटर जास्त आणि उंचीला अठरा मिलिमीटर कमी असतो. तळाला टीप ठेवली असेल तर तिकडच्या प्रिंटमध्ये ती कापली जाऊ शकते. चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर सोडा.

आता जॅम. इच डॉट आयओ या खेळांच्या वेबसाइटवर कुणीही जॅम भरवू शकतं: विषय जाहीर होतो, मुदत ठरते, त्या मुदतीत एंट्री टाकायची. बहुतेक ठिकाणी रोख बक्षीस नसतं. काही जॅममध्ये क्रमांकही लावत नाहीत, आणि पहिल्यांदा लिहिणाऱ्याला मी तीच सुचवेन. जिथे मतं घेऊन क्रमांक लावतात तिथे एक गोष्ट आधीच माहीत हवी. ज्या एंट्रीला मध्यकापेक्षा कमी मतं पडतात, तिचे गुण खाली आणले जातात. म्हणजे सिनॅरिओ कितीही चांगला असो, कुणी उघडलाच नाही तर तो मागे राहतो. तिथे दुसऱ्यांच्या एंट्री मनापासून वाचून, त्यावर नीट अभिप्राय लिहूनच माणसं तुमच्याकडे येतात. ऑफिस आणि दोन तासांचा लोकल प्रवास सांभाळून एवढा वेळ देता येणार असेल तरच क्रमांकाच्या जॅममध्ये उतरा.

जॅमची मोठी जमेची बाजू म्हणजे जागा. माझा दुसरा खर्डा बारा पानांचा झाला. तयार सहा कॅरेक्टर, प्रत्येकाला धक्क्यावर एक जवळचं माणूस आणि एक न सांगितलेली गोष्ट. पाठवण्याआधी एका मित्राला तो चालवायला दिला आणि मी कोपऱ्यात गप्प बसलो. साधारण विसाव्या मिनिटाला टॅली क्लार्क खेळणारी मैत्रीण म्हणाली, "जहाजावर दारूगोळा आहे ना? मग लाल बावटा का नाही लावला? मी कुणाला विचारू?" प्रश्न अगदी रास्त होता, कारण तो बावटा त्या दिवशी खरोखरच नव्हता. जीएम (खेळ चालवणारा) मित्र पानं चाळत राहिला. बारा पानांत त्याचं उत्तर कुठेच नव्हतं. टेबलावर सगळे थांबले आणि तिचा प्रश्न हवेतच राहिला. त्या रात्री मी 'कोणाला काय माहीत आहे' असा अर्ध्या पानाचा तक्ता केला. सिनॅरिओतली सगळ्यात उपयोगी जागा आज तीच आहे, आणि एका पानाच्या स्पर्धेत तिला कधीच जागा मिळाली नसती.

म्हणून माझं मत सरळ आहे. तुमचा सिनॅरिओ एखाद्या जागेवर उभा असेल, म्हणजे खेळाडू कुठून शिरतात आणि कुठे अडकतात यात मजा असेल, तर एक पान. तो माणसांवर उभा असेल तर जॅम. एकांकिका लिहिणारे बहुधा दुसऱ्या गटात येतात. त्यांना मी आणखी एक सांगतो: नाटकात पात्र काय करेल हे तुम्ही ठरवता, इथे खेळाडू ठरवतो. 'मग नायक जहाजावर चढतो' हे वाक्य खोडा. त्याऐवजी चढला तर काय, पळाला तर काय, एवढंच लिहा.

तिसरा रस्ता प्रकाशकाच्या स्पर्धेचा. त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण २००२ चं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) या आरपीजीचे प्रकाशक विझार्ड्स ऑफ द कोस्ट यांनी खेळासाठी नवं काल्पनिक विश्व मागवलं आणि ११,००० हून अधिक प्रवेशिका आल्या. पहिली फेरी एका पानाची, पुढे निवडक ११ जणांना दहा पानं, शेवटच्या तिघांना १२५ पानं. कीथ बेकर यांचं 'एबरॉन' निवडलं गेलं आणि २००४ मध्ये पुस्तक म्हणून आलं. हे आपल्या 'सवाई' एकांकिका स्पर्धेसारखं समजा: आधी दुसरीकडे पहिलं यावं, मग तिथे उभं राहावं. पहिलाच सिनॅरिओ असेल तर तूर्त हा रस्ता बाजूला ठेवा.

हक्कांचा भाग मात्र तिन्हींत वेगळा आहे. वन पेज डंजनमध्ये एंट्री क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'श्रेय द्या, तसंच वाटा' या परवान्याखाली देण्याचा शिरस्ता आहे. लेखक तुम्हीच राहता, पण कुणीही ती छापू, बदलू, विकूही शकतो, आणि दिलेला परवाना परत घेता येत नाही. याच गोष्टीची पुढे एकांकिका करायची असेल तर पाठवण्याआधी नीट विचार करा. जॅममध्ये सहसा सगळं तुमच्याकडेच राहतं. प्रकाशकाच्या स्पर्धेत करार येतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुदत न लिहिलेलं हस्तांतरण पाच वर्षांपुरतं आणि प्रदेश न लिहिलेलं भारतापुरतं धरतात. पण परदेशी करारात दोन्ही गोष्टी सहसा लिहिलेल्याच असतात, तेव्हा त्या कलमाच्या भरवशावर सही करू नका. नियमांची अडचण मात्र कमी झाली आहे: डी अँड डीचं एसआरडी ५.१, म्हणजे मूळ नियमांचा दस्तऐवज, जानेवारी २०२३ पासून श्रेय देऊन मोकळेपणी वापरता येतं.

भाषा? पहिला खर्डा मराठीत लिहा आणि मराठी टेबलावर चालवा. "अरे, पाणी मारून काही होत नाहीये, आत कापूस जळतोय!" हे मुकादमाच्या तोंडी आलं की सगळे पुढे सरकून बसतात. परीक्षक इंग्रजी वाचणारे असतील तर नंतर इंग्रजीत नव्याने लिहा, पण मुकादम, खलाशी, बंबवाला हे शब्द तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे अर्थ कळेल असं वाक्य करा.

मुदतीचं घड्याळ तेवढं तपासा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची उन्हाळ्यातली मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारचे साडेबारा. त्या सकाळी एकदा प्रिंट काढून, हातात पेन घेऊन वाचायला वेळ मिळतो. मी ती सकाळ नेहमी राखून ठेवतो.