२० बाटची टुकटुक मला ९२,९६७ रुपयांना पडली

रक्कम आधीच सांगते, म्हणजे "चालायचंच, प्रवासात होतं असं" असं म्हणायची कोणाची छाती होणार नाही. बँकॉकमध्ये एका खड्यापायी गेलेले ३६,००० बाट, म्हणजे थायलंडचं चलन. बँकेनं दर लावला २ रुपये ४८ पैसे, म्हणजे ८९,२८० रुपये. त्यावर साडेतीन टक्के परकीय चलनाचं शुल्क, ३,१२४ रुपये ८० पैसे. त्या शुल्कावर जीएसटी ५६२ रुपये ४६ पैसे. एकूण ९२,९६७ रुपये २६ पैसे. लुबाडणाऱ्यांनी लुबाडलं, त्याच्यावर कर मी भरला.

मी गोव्यातल्या फोंड्याची. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. हे मुद्दाम लिहिते, कारण घरात सगळे येताजाता तेच बोलून दाखवतात.

डिसेंबर २०२४ मध्ये मी एकटी बँकॉकला गेले. यजमानांना शेजारचा बांदोडा गाव ओलांडायचा म्हटलं तरी कपाळाला आठ्या पडतात, मुलगा पुण्यात, मैत्रिणींची सुना-नातवंडं. म्हटलं, आपली पेन्शन, आपले पाय. सहलीवाल्या कंपनीबरोबर जायचं नाही, टॅक्सी करायची नाही, सगळं बस-रेल्वे-बोटीनं फिरायचं असा पण केला होता. आणि सांगते, तो पण मी पहिले दोन दिवस झकास पाळला. सुवर्णभूमी विमानतळावरून रेल्वेनं फाया थाईपर्यंत ४५ बाट. तिथून पुलावरून धावणारी बीटीएस रेल्वे. जमिनीखालच्या एमआरटी मेट्रोत तिकिटाऐवजी कॅरमच्या सोंगटीसारखं काळं प्लास्टिकचं टोकन मिळतं, आत जाताना टेकवायचं आणि बाहेर पडताना फटीत टाकायचं. दुसऱ्या दिवशी मी एका दिल्लीच्या कुटुंबाला मशीनवर टोकन काढून दिलं, इतकी तरबेज झाले होते. आमच्या फोंडा-पणजी बसमध्ये "फाटीं वचात, फाटीं वचात" (मागं सरका) ऐकत उभ्यानं जन्म काढलेल्या बाईला तिथली गर्दी म्हणजे काहीच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी साथोर्नच्या धक्क्यावरून नारिंगी झेंड्याची बोट धरली. कुठंही उतरा, १६ बाट. तिकीटवाली बाई हातातली पत्र्याची नळी खुळखुळ वाजवत फिरते, त्यात नाणी आणि तिकिटं. चोडणच्या फेरीबोटीवर वाढलेल्या माणसाला नदीवर असं काही दिसलं की घरी आल्यासारखं वाटतं. ता चांगच्या धक्क्यावर उतरले तेव्हा मी फार खुशीत होते. खुशीत असलेलं माणूस त्या लोकांना लांबून दिसत असणार.

धक्क्यापासून ग्रँड पॅलेस या प्रसिद्ध राजवाड्याचा दरवाजा चालत पाच-सात मिनिटं. पांढरी तटबंदी समोर दिसत होती. तेवढ्यात इस्त्रीच्या शर्टातला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला पन्नाशीचा गृहस्थ समोर आला. पुढचं तुमच्यातल्या काहींना ठाऊक असेल. मलाही ठाऊक होतं! जायच्या आधी मी तिथल्या या फसवणुकीबद्दल वाचलं होतं, व्हिडिओ पाहिले होते. "राजवाडा बंद आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, हे तर पोरंटोरंही सांगतात. पण तो "बंद आहे" म्हणालाच नाही. आधी त्यानं विचारलं, खांदे झाकणारा रुमाल आणलाय का. माझा कुर्ता पूर्ण बाह्यांचा. "छान, फार छान," म्हणाला. मग कुठून आलात. इंडिया. इंडियात कुठून. गोवा. तर तो दोन्ही हात पसरून म्हणतो, "गोवा! कळंगूट! बागा!"

झालं. परक्या मुलखात कोणी कळंगूटचं नाव घेतलं आणि मी विरघळले. नंतर लक्षात आलं, सुरतेच्या माणसाला तो सुरत म्हणत असेल आणि नागपूरच्याला संत्री. मग हळूच म्हणाला, आज बुद्धाचा दिवस, थाई लोकांची पूजा चालू आहे, परदेशी लोकांना दुपारी एक वाजता सोडतील, तोवर उन्हात कशाला उभ्या राहता. असा दिवस खरंच असतो, चंद्राच्या तिथीवर येतो, "वन फ्रा" म्हणतात. थापेत एवढा खऱ्याचा तुकडा असतो, आणि तो शिक्षिकेला पटतो.

लोक दरवाज्याकडे चालले होते. टोप्या घातलेले, छत्र्या धरलेले, गोरे, चिनी, ढिगानं. मी ते बघत होते. पूजेला चाललेले थाई लोक असे असतात का? एवढं विचारायला मला कोणाला पैसे द्यावे लागणार नव्हते. पाच मिनिटं चालायचं होतं, बस.

त्यानं हात केला, टुकटुक, म्हणजे तिथली तीनचाकी रिक्षा, आली. "पिवळी पाटी, सरकारी योजना, आज २० बाटमध्ये तीन ठिकाणं." दोन दिवस मी रस्त्यावर भाव ऐकत होते, १०० बाटच्या खाली कोणी टुकटुकवाला बोलत नव्हता. २० बाटमध्ये तासभर? आमच्या म्हापशात मोटारसायकलवाला पायलटसुद्धा तेवढ्यात तासभर फिरवणार नाही. पण "सरकारी" शब्द आला की आपली पिढी मान डोलावते. सरकारी नोकरीत जन्म गेला ना.

पहिलं ठिकाण एक छोटं देऊळ. आत एकच माणूस, सुटातला, डोळे मिटून बसलेला. योगायोगानं त्याला इंग्रजी येत होतं. योगायोगानं तो लग्नाच्या वाढदिवसासाठी नीलम घ्यायला आला होता. योगायोगानं रत्नांच्या निर्यात केंद्राचा आज शेवटचा दिवस होता.

आता नीलमाचं सांगते, म्हणजे लोभ म्हणाल तो थोडा कमी म्हणाल. मुलाची रास कुंभ. साडेसाती चालू. दोन नोकऱ्या गेल्या, लग्न जमत नाही. आमच्या भटजींनी वर्षभर आधीच नीलम सांगून ठेवला होता. आणि थायलंडमध्ये नीलम निघतो हे काही खोटं नाही, कांचनाबुरी आणि चांथाबुरी ही नावं त्या धंद्यात खरीच आहेत, जगभरचे खडे बँकॉकमध्ये पैलू पाडायला येतात. म्हणजे मी काही हवेतल्या गोष्टीवर भाळले नव्हते. तरीही, खरं सांगायचं तर पुढे दुकानदारानं "पणजीच्या सोनाराकडे दुप्पट येतील" म्हटलं तेव्हा मी मनात ७२,००० बाटला २.४८ नं गुणलं होतं. गणित आलं ते तिथं.

आणि आता तो क्षण. हा मला रात्री झोपू देत नाही.

दुकानाच्या दारात टुकटुक थांबली. मी उतरले. आतून एक मुलगी आली आणि तिनं ड्रायव्हरच्या हातात एक छापील चिठ्ठी ठेवली. माझ्या डोळ्यांदेखत. ती पेट्रोलची किंवा गॅसची कुपनं असतात, गिऱ्हाईक दुकानात आणल्याबद्दल. आता तुम्ही म्हणाल, तुम्हाला कसं कळणार? मला नाही तर कोणाला कळणार! माझे धाकटे दीर अठरा वर्षं टुरिस्टांची गाडी चालवत होते. काजूच्या दुकानासमोर गाडी लावायची, पाहुणे आत काजूचे भाव विचारतात तोवर मागच्या दारानं पाकीट घ्यायचं. मसाल्याच्या बागेत माणशी इतके. संध्याकाळी घरी येऊन ते हिशोब सांगायचे आणि आम्ही सगळे पाहुण्यांच्या बावळटपणावर हसायचो. मीसुद्धा. चहा ओतता ओतता. आणि तीच मी, त्या दारात उभी राहून, ती चिठ्ठी बघून, मनाशी काय म्हणाले? "पार्किंगची असेल."

आतला भाग लांबवत नाही. थंडगार खोली, पाण्याची बाटली, भिंग, मखमलीचा ट्रे, छापील प्रमाणपत्र, मशीनवर ३६,००० चा आकडा. पिन मी माझ्या बोटांनी दाबला. पावतीवर तळाला बारीक अक्षरात परत न घेण्याबद्दल लिहिलं होतं, ते हॉटेलवर वाचलं. बाहेर आले तर टुकटुकवाल्यानं २० बाट घेतलेच नाहीत. हात जोडून हसला. कोणी ठरलेलं भाडं घेत नसेल तर समजा, ते दुसऱ्यानं कोणीतरी भरलेलं आहे.

त्यानं मला राजवाड्याजवळ सोडलं. पाटीवर लिहिलं होतं, राजवाडा रोज उघडा, सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन. ५०० बाटचं तिकीट काढून मी आत गेले आणि मला काहीही दिसलं नाही. पाचूच्या बुद्धासमोर बसून मी तिकीट खिडकीवरच्या माणसाचं वाक्य आठवत होते. त्याला विचारलं होतं, पूजा संपली का? तो म्हणाला, कुठली पूजा?

त्या भागातल्या एका चौकीवर गेले. तिथल्या तरुणानं माझं ऐकलं, पावती बघितली, दुकानाला फोन लावला, पाच मिनिटं हसतखेळत बोलला. मग मला म्हणाला, बाईंनी राजीखुशीनं घेतलं असं दुकान म्हणतं. उद्या दहा वाजता या, दुभाषा येईल. माझं विमान तर आजच रात्री. "मग पुढच्या वेळी या," म्हणाला. पुढच्या वेळी! म्हणून सांगते, टूरिस्ट पोलिसांचा ११५५ हा नंबर उतरल्या उतरल्या मोबाइलमध्ये घाला, आणि खरेदी करायचीच झाली तर परतीच्या दिवशी कधीच करू नका.

इथं आल्यावर खरी वरात सुरू झाली. फोंड्यातल्या ओळखीच्या सोनारानं खडा भिंगाखाली धरला. "बाई, खडा नीलमच, पण आतल्या भेगा काचेनं भरल्यात. पाचेक हजार." दुकानाचं प्रमाणपत्र म्हणजे दुकानाचंच पत्र. बँकॉकमध्ये जीआयटी नावाची रत्नं तपासणारी संस्था आहे, "आधी तिथं दाखवू, मग पैसे" एवढं म्हणायचं होतं. दुकानदाराचा चेहरा बघूनच कळलं असतं.

बँकेच्या शाखेत तीन चकरा. पहिल्यांदा "सर रजेवर". दुसऱ्यांदा एक फॉर्म, तो चुकीचा. तिसऱ्यांदा काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, पिन तुम्ही टाकला ना? वस्तू मिळाली ना? मग फ्रॉड कसा?" मी म्हटलं, बाळ, दूध म्हणून पांढरं पाणी दिलं तर वस्तू मिळाली म्हणतात का? ती म्हणाली, ईमेल करा. ईमेल केला. उत्तर आलं, तुमचं समाधान आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. ४१ दिवसांनी दुसरं उत्तर, व्यवहार पिननं झाल्यामुळे दावा फेटाळला. खाली विचारलं होतं, आमच्या सेवेला किती तारे द्याल.

१९३० ला, म्हणजे सायबर गुन्ह्यांच्या मदतक्रमांकाला, फोन केला, ते म्हणाले हे सायबर नाही, कार्ड तुम्ही समोर स्वाइप केलंय. बरोबरच आहे म्हणा त्यांचं. पोलीस ठाण्यात गेले, तर हवालदारानं पेन खाली ठेवलं. हद्द कुठली? बँकॉक. साक्षीदार? टुकटुकवाला. मग त्यानं मान तिरकी करून विचारलं, "बाये, तुमी गोंयचीं न्हय?" बाजूचे दोघं हसले. मला वाटलं, हे हसणं माझ्या ओळखीचं आहे. आमच्याच ओसरीवरचं.

अर्ज घेतला नाहीच. पोचही नाही. माणूस लुटला गेला तर निदान एका कागदावर शिक्का मारून द्यावा, एवढंही या देशात होऊ नये? निवडणुकीच्या कामाला मला चतुर्थीच्या सुट्टीतसुद्धा बोलावलं गेलं, तेव्हा हद्द आडवी आली नाही. आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार घातली आहे. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा फेटाळलं, तर तिथं जाता येतं. बँकेत हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

कार्डाचंही ऐका. २०२० पासून परदेशातला वापर चालू-बंद करायची आणि मर्यादा ठरवायची सोय बँकांना द्यावी लागते. मी अडीअडचणीला म्हणून मर्यादा एक लाख ठेवली होती. रोजच्या बोट-रेल्वेला २०० बाटसुद्धा लागत नव्हते! दहा हजारांवर ठेवली असती तर मशीननंच मला वाचवलं असतं. आणि बोटीवरून उतरायला धाकधूक वाटत असेल तर एमआरटीनं सनाम चाई स्टेशनला जा, तिथून चालत जाता येतं. वाटेत कोणी कितीही सज्जन दिसला तरी पाय थांबवू नका.

एक सांगायचं राहिलं. चौकीवरून परतताना, बोट धरायला मी पुन्हा ता चांगच्या धक्क्याकडे निघाले. तोच गृहस्थ, तोच शर्ट. समोर एक आपल्याकडचं जोडपं, नवीन लग्न झालेलं, मुलीच्या हातात चुडा. मी धावत गेले, धापा टाकत ओरडले, "भाईसाब, राजवाडा खुला है! इसकी मत सुनो! मेरे साथ चलो, मैं दिखाती हूँ!" घामानं चिंब, केस विस्कटलेले, डोळे लाल. त्या मुलीनं पर्स छातीशी धरली आणि नवऱ्याच्या मागं सरकली. तो मला म्हणाला, "नहीं चाहिए, आंटी. हमें कुछ नहीं चाहिए."

आणि ते दोघं टुकटुकमध्ये बसले.