के-ऑन!! की ओरेगाइरू झोकु: आधी कोणता दुसरा सीझन लावायचा?

शाळेवरच्या अ‍ॅनिमेचा पहिला सीझन लावताना कोणी फार विचार करत नाही. बारा-तेरा भाग असतात, नाही जमलं तर तिसऱ्या भागाला सोडून द्यायचं. दुसऱ्याचं तसं नसतं. पात्रं ओळखीची झालेली असतात, अपेक्षा ठरून गेलेल्या असतात, आणि तो फसला तर पहिल्याचीही गोडी जाते. ‘के-ऑन!’ (शाळेच्या संगीत क्लबातल्या मुलींची गोष्ट) आणि ‘ओरेगाइरू’ (एकलकोंडा हाचिमान आणि इतरांचे प्रश्न सोडवणारा त्याचा सेवा क्लब) या दोन्हींचे पहिले सीझन संपवून पुढे काय लावावं यावर अडलेले बरेच जण दिसतात. त्यांच्यासाठी हे दोन दुसरे सीझन शेजारी ठेवून बघू.

दोन्ही चांगले आहेत, हे आधीच सांगून टाकते. पण दोघांची कामं वेगळी आहेत. के-ऑनच्या दुसऱ्या सीझनच्या नावात एक उद्गारचिन्ह वाढलं, बाकी सगळं तेच. पहिल्याने जे घाईघाईत उरकलं ते तो सावकाश, बसून दाखवतो. ओरेगाइरूचा दुसरा सीझन, म्हणजे ‘झोकु’, उलट्या दिशेने जातो. पहिल्या सीझनने ज्या गोष्टीवर टाळ्या घेतल्या, तिचीच तो झाडाझडती घेतो. तुम्हाला आवडलेल्या जागी अजून थोडं राहायचं आहे, की तिथल्या भिंती ठोकून बघायच्या आहेत, एवढं ठरलं की निवड झाली.

आधी वेळेचा हिशेब, कारण तिथेच बहुतेकांची गफलत होते. के-ऑन!! चे मुख्य भाग 24, वर दोन जादाचे. झोकुचे 13. एक भाग 24 मिनिटांचा धरला तर एकीकडे साधारण दहा तास, दुसरीकडे पाच. नोकरी सांभाळून बघणाऱ्याला झोकु सोपा वाटणार. पण झोकु संपत नाही, नुसता थांबतो. शेवटच्या भागात सेवा क्लबातले तिघं, हाचिमान, युकिनो आणि युई, मत्स्यालय बघायला जातात, इतके दिवस टाळलेलं बोलणं एकदाचं सुरू होतं, आणि ते अर्ध्यावर असतानाच पडदा पडतो. उत्तर तिसऱ्या सीझनमध्ये आहे, तो 12 भागांचा. झोकु 2015 चा आणि तिसरा सीझन 2020 चा, म्हणजे तेव्हाच्या प्रेक्षकांनी पाच वर्षं नुसती कळ काढली. तुम्हाला थांबावं लागणार नाही, पण हिशेब 24 विरुद्ध 13 नसून 24 विरुद्ध 25 आहे, हे लक्षात असू द्या.

के-ऑनचा पहिला सीझन 2009 चा, दुसरा 2010 चा. स्टुडिओ तोच, क्योतो अ‍ॅनिमेशन. दिग्दर्शक त्याच, नाओको यामादा, आणि पटकथेची सूत्रं रेइको योशिदा यांच्याकडे. पहिल्या सीझनने बारा भागांत शाळेची दोन वर्षं उडवली. दुसरा एकट्या शेवटच्या वर्षाला चोवीस भाग देतो. वेग सरळ चौपट मंद. त्यामुळे एक अख्खा भाग नुसत्या उकाड्यावर निघतो. क्लबच्या खोलीत एसी हवा म्हणून मुली विद्यार्थी परिषदेकडे जातात, बस. एक भाग खोली आवरण्यावर आहे. त्यात क्लबच्या शिक्षिका सावाको मॅडमची जुनी गिटार सापडते, ती विकायला नेल्यावर पाच लाख येन मिळतात आणि ड्रम वाजवणारी रित्सु ती पावती लपवायला बघते. ज्यांना पहिल्या सीझनमध्येच ‘या सराव कधी करतात?’ असा प्रश्न पडला होता, त्यांना इथे तो दुप्पट पडेल. सराव कमी, केक जास्त.

ओरेगाइरूचा पहिला सीझन 2013 मध्ये ब्रेन्स बेसने केला, दुसरा फील नावाच्या स्टुडिओने. दिग्दर्शकही बदलले, तिथे केइ ओइकावा आले. हा बदल पहिल्याच मिनिटाला डोळ्यांना जाणवतो. चेहरे रेखीव झालेत, प्रकाश मवाळ झालाय, आणि हाचिमानचे ते मेलेल्या माशासारखे डोळे जरा कमी मेलेत. पहिल्या सीझनमधली थट्टामस्करी बरीच ओसरलीय. नवा स्टुडिओ म्हणून नाक मुरडू नका. गोष्टीला आता हाच चेहरा शोभतो.

दोन्हींची खरी तुलना क्योतोमध्ये होते. दोन्ही दुसऱ्या सीझनमध्ये शाळेची सहल क्योतोला जाते, आणि दोन्हीकडे तिथला अराशियामा हा भाग येतो. एकच गाव, पण दोन मालिका तिथून काय आणतात ते बघा.

के-ऑन!! मध्ये हा चौथा भाग. किनकाकु-जी मंदिर होतं, माकडं बघून होतात, रस्ता चुकतो, रात्री उशांची मारामारी आणि मॅडमचा ओरडा. शाळेच्या सहलीला गेलेल्या कोणालाही यातलं काही नवीन नाही. पण क्लबातली पाचवी, आझुसा, एक इयत्ता मागे, त्यामुळे ती घरी राहिलेली. चौघी आपल्यासाठी एकेका अक्षराची किचेन घेतात: के, इ, ओ, न. आझुसासाठी आणतात ती ‘बु’ची. पाचही शेजारी धरल्या की ‘केइओनबु’, म्हणजे त्यांच्या संगीत क्लबचं नाव पूर्ण होतं. यावर कोणी भाषण देत नाही, गोष्ट पुढे सरकते. पण पुढच्या मार्चमध्ये चौघी शाळा सोडणार आणि ‘बु’ एकटी उरणार, हे तुम्हाला त्याच क्षणी कळतं. मागे जाऊन पहिला भाग आठवा: नवीन कोणी क्लबात येत नाही, तेव्हा आझुसा स्वतःच ठरवते की यंदा पाच जणीच बऱ्या. पूर्ण सीझन त्या एका निर्णयाची किंमत वसूल करत जातो, आणि तीही हसतखेळत.

ओरेगाइरूमध्ये सहल पहिल्या दोन भागांत आहे, म्हणून एवढं सांगण्यात फार रहस्यभेद नाही. वर्गातल्या तोबेला एबिना आवडते, तिला मनातलं सांगायचंय आणि त्यासाठी सेवा क्लबची मदत हवीय. एबिनाला ते ऐकायचंच नाहीये आणि तिनेही आडून तशी मदत मागितलीय. त्या दोघांचा मित्र हायामा, त्याला आपला ग्रुप फुटायला नकोय. संध्याकाळ, बांबूचं बन, दुतर्फा दिवे. तोबे तोंड उघडणार इतक्यात हाचिमान पुढे होतो आणि स्वतःच एबिनाला मागणी घालतो. ती ठरल्यासारखी नकार देते, तोबेला आपोआप उत्तर मिळतं, कोणाचं काही मोडत नाही. पहिल्या सीझनमध्ये असं काही झालं असतं तर आपण ‘वा रे पठ्ठ्या!’ म्हटलं असतं. तिथे त्याने वाईटपणा अंगावर घेऊन असेच प्रश्न सोडवले होते. इथे मात्र युकिनो त्याला तोंडावर सांगते की तुझी ही पद्धत मला सहन होत नाही, आणि युई विचारते, इतरांच्या मनाचा विचार कधी करणार? बन तेवढंच सुंदर असतं, आणि तिघांची मैत्री तिथेच तडकते.

जाता जाता: दोन्हीकडे एक युई आहे, के-ऑनमध्ये बँडची गिटारवाली आणि ओरेगाइरूमध्ये सेवा क्लबातली, दोघीही बावळट समजल्या जातात आणि दोघीही तशा नाहीत.

दोन्हीकडे क्लबच्या खोलीत चहा असतो, हेही गमतीशीर आहे. के-ऑनच्या बँडचं नावच ‘होकागो टी टाइम’, शाळा सुटल्यानंतरचा चहा. कीबोर्ड वाजवणाऱ्या मुगीच्या कपबशा आणि केक नसतील तर ती मालिकाच नाही. झोकुच्या पाचव्या भागाचं शीर्षक मात्र असं काहीसं आहे: त्या खोलीत आता चहाचा दरवळ नाही. तिघं रोज जमतात, नीट वागतात, खुर्च्यासुद्धा जागच्या जागी, पण चहा बंद. भांडण न दाखवता बिघडलेलं घर दाखवायची ही रीत मला फार आवडली. एकत्र कुटुंबात ज्यांनी असा आठवडा काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

आता तक्रारी. झोकुची मोठी अडचण म्हणजे दाटी. वातारू वातारी यांच्या कादंबरी मालिकेतले सातव्यापासून अकराव्यापर्यंतचे खंड तेरा भागांत कोंबलेत. हाचिमानची मनातली बडबड हा कादंबरीचा जीव, आणि कात्री तिच्यावरच चालली. परिणाम असा की काही संवादांत तिघं एकमेकांशी कोड्यात बोलतात आणि आपण सबटायटल थांबवून पुन्हा वाचतो. जेवता जेवता बघायची ही मालिका नाही. इंग्रजी सबटायटल वाचायचा कंटाळा असेल तर दुसरीकडे वळा. के-ऑन!! तुम्ही भाजी निवडताना बघितलीत तरी काही निसटत नाही, आणि जे निसटतं ते पुन्हा बघताना सापडतं.

के-ऑन!! ची अडचण मधल्या भागांत आहे. सातव्या भागापासून पंधराव्यापर्यंत कुठला भाग आधी आणि कुठला नंतर, याने फारसा फरक पडत नाही. सावाको मॅडम मुलींना चित्रविचित्र कपडे घालायला लावतात ते विनोद तेव्हाही जुने होते, आता अधिकच वाटतात. पण ‘यात काही घडतच नाही’ म्हणणाऱ्यांना एक सांगणं आहे. याच स्टुडिओने 2009 मध्ये हारुही सुझुमियाच्या दुसऱ्या सीझनमध्ये ऑगस्टमधले तेच ते दिवस सलग आठ भाग दाखवले होते, दर वेळी नव्याने रंगवून आणि संवाद नव्याने ध्वनिमुद्रित करून. काही न घडणं काय असतं ते तिथे बघा. के-ऑन!! मध्ये घडतं, फक्त त्याचा आवाज होत नाही. विसावा भाग, शेवटचं गॅदरिंग. कार्यक्रम झकास झाला, सगळं सभागृह त्यांच्या बँडचे टी-शर्ट घालून बसलेलं. नंतर पाचही जणी क्लबच्या खोलीत भिंतीला टेकून बसतात आणि बेत आखू लागतात: आता केक, मग नाताळ, मग नववर्षाचं देवदर्शन, मग पुढचं गॅदरिंग. आणि पुढचं गॅदरिंग नसणार, हे बोलता बोलता ध्यानात येतं. रित्सु, जी कधी रडत नाही, ती तोंड फिरवते. वीस भाग शांतपणे ऐकलेलं असलं तरच ही दोन मिनिटं लागतात. फक्त हा भाग काढून बघणाऱ्याला काहीच मिळणार नाही.

विनोद दोन्हीकडे आहे, पण झोकुमधल्या नाताळच्या कार्यक्रमाच्या बैठकांना तोड नाही. शेजारच्या शाळेचा तामानावा दोन्ही हात हवेत फिरवत ‘ब्रेनस्टॉर्मिंग’, ‘लॉजिकल थिंकिंग’, ‘विन-विन’, ‘कन्सेन्सस’ असं बोलत राहतो, सगळे माना डोलावतात आणि काम तिळभर पुढे जात नाही. हिंजवडीत दोन वर्षं काढलेल्या माणसाला याचं सबटायटलही लागणार नाही. त्यात नव्याने आलेली इरोहा इश्शिकी, लाडीगोडी लावून कामं करून घेणारी धाकटी, दर खेपेला भाव खाऊन जाते. पहिल्या सीझनमध्ये अशी कोणी नव्हती आणि तिची उणीव होती, हे ती आल्यावर कळतं.

संगीतात तुलनाच नको. के-ऑन!! चं सुरुवातीचं गाणं ‘गो! गो! मॅनिॲक’ 2010 मध्ये जपानच्या ओरिकॉन या गाण्यांच्या विक्रीच्या साप्ताहिक यादीत पहिलं होतं, आणि शेवटचं ‘लिसन!!’ त्याच आठवड्यात दुसरं.

तेव्हा: दहावी-बारावीचं, हॉस्टेलचं किंवा कुठलंही शेवटचं वर्ष सध्या चालू असेल, तर के-ऑन!! आत्ता लावा, दिवसाला एक भाग, घाई न करता. सलग बघाल तर मधले भाग रटाळ वाटतील, आणि दोष मालिकेचा नसेल. पहिल्या ओरेगाइरूमधला हाचिमान तुम्हाला हुशार आणि बरोबर वाटला असेल, तर झोकु तुमच्यासाठीच आहे. मनस्ताप होईल, पण बघा. तो पहिल्यापासूनच शिष्ट वाटला असेल, तरीही झोकु बघा, कारण मालिकेचं मत तुमच्यासारखंच निघतं. दोन्ही बघायचे असतील तर आधी झोकु आणि लगेच तिसरा सीझन, मध्ये दुसरं काही न घालता. के-ऑन!! चे 25 आणि 26 हे जादाचे भाग कथेत मागचे आहेत, ते चोविसाव्यानंतर बघितले तरी चालतात. 2011 चा लंडनच्या सहलीचा चित्रपट मात्र चोविसाव्याच्या आधी अजिबात लावू नका, त्यात निरोपाच्या गाण्यामागची गोष्ट आधीच उघडी पडते.