साबण, सॅनिटायझर की ‘एवढं काय त्यात?’: बाळाला घेण्याआधी कोणाचं ऐकायचं

आमच्या घरात हा वाद पाच महिने चालला. एका खोलीत तान्ही मुलगी, दुसऱ्या खोलीत केमो चालू असलेले सासरे. नणंद दाराशी सॅनिटायझरची बाटली घेऊन उभी, कोणीही काहीही करायच्या आधी दोन थेंब. सासूबाईंचं म्हणणं एकच: “आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?” मी मधे, हातांना भेगा पडलेल्या. त्या काळात दोन्ही बाजू नीट तपासून पाहिल्या. तुमच्याकडेही असेच दोन तट पडले असतील, तर कोणाचं कुठे ऐकावं हे ठरवायला याचा उपयोग होईल.

आधी सासूबाईंची बाजू, कारण ती वाटते तितकी पोकळ नाही. फार स्वच्छतेने मुलं नाजूक होतात, या समजामागे एक खरं संशोधन आहे. 1989 मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकाने दाखवलं की ज्या मुलांना मोठी भावंडं जास्त, त्यांच्यात परागकणांच्या ॲलर्जीचं प्रमाण कमी. लहानपणी भावंडांकडून होणारे संसर्ग याचं कारण असावेत, असा त्याचा तर्क होता. पुढे हा विचार बदलत गेला. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला वळण लागतं ते माती, जनावरं, झाडं आणि माणसं यांच्या सहवासातल्या निरुपद्रवी जीवाणूंमुळे, आजार करणाऱ्या जंतूंमुळे नव्हे, असं आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. म्हणजे रांगणाऱ्या बाळाला मातीत खेळू द्या, खेळणं जमिनीवर पडलं म्हणून दर वेळी उकळत बसू नका, इथपर्यंत सासूबाई बरोबर. पण डायपर बदललेल्या हाताने दुधाची बाटली भरली तर प्रतिकारशक्ती वाढत नाही, जुलाब होतात. साबणाने हात धुण्याची सवय लावली की जुलाबांचं प्रमाण साधारण 30 टक्क्यांनी घटतं, असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे.

नणंदेची बाजू शास्त्राच्या जवळची, पण तिचा घोटाळा वेगळा. ‘दर वेळी’ हा नियम कोणाच्यानेच पाळवत नाही. दिवसात तीसेक वेळा साबण लावला की कातडी फुटते. फुटलेल्या कातडीत जंतू जास्त टिकतात आणि झोंबायला लागलं की माणूस हळूच टाळाटाळ करतो. मीही करायचे. रात्री तीन वाजता नळापाशी जाऊन नुसता पाण्याचा आवाज करून परत आले आहे. त्यापेक्षा पाच-सहा ठरावीक वेळा न चुकता हात धुतलेले बरे.

त्या वेळा अशा: डायपर बदलल्यावर, स्वतः शौचाला जाऊन आल्यावर, नाक शिंकरल्यावर किंवा खोकल्यावर, कच्चं अन्न हाताळल्यावर, बाहेरून आल्यावर, आणि बाळाला पाजण्या-भरवण्याआधी. बाळ अगदी तान्हं असेल तर उचलण्याआधीही. कपड्यांच्या घड्या घातल्यावर नाही, खुळखुळा उचलून दिल्यावर नाही.

आता साबण की सॅनिटायझर. इथे माझं मत दोनदा बदललं. साबण जंतू मारतो असं आपण म्हणतो, पण त्याचं मुख्य काम सोडवण्याचं आहे. हातावरच्या तेलकट थरात जंतू अडकलेले असतात, साबण तो थर सुटा करतो आणि पाणी सगळं वाहून नेतं. म्हणून चोळणं महत्त्वाचं, आणि वाहतं पाणी महत्त्वाचं. पाणी कोमटच हवं असं काही नाही. घरी 20 सेकंद पुरतात. जागतिक आरोग्य संघटना रुग्णालयांसाठी सगळी क्रिया मिळून 40 ते 60 सेकंद सांगते. ‘अँटिबॅक्टेरियल’ लिहिलेल्या साबणासाठी जास्त पैसे मोजू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2016 मध्ये ट्रायक्लोसानसह 19 घटक घरगुती हात धुण्याच्या साबणांतून बाद केले, कारण ते साध्या साबणापेक्षा सरस आहेत हे कंपन्यांना सिद्ध करता आलं नव्हतं.

सॅनिटायझर काही वाहून नेत नाही. अल्कोहोल जंतूंची प्रथिनं जागच्या जागी मोडतं. त्यासाठी अल्कोहोल निदान 60 टक्के हवं आणि हात 20 ते 30 सेकंद ओले राहायला हवेत. दोन थेंब लावून लगेच फुंकर मारणं म्हणजे नुसता सुगंध. हात मळलेले किंवा चिकट असतील तर त्याचा जोर ओसरतो. शिवाय काही जंतूंवर त्याची मात्रा नीट चालत नाही. उलट्या-जुलाबांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस त्यातला एक. दुसरा क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल, जो बऱ्याचदा अँटिबायोटिक्सच्या कोर्सनंतर वयस्कर माणसांना जुलाब लावतो. त्याचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. म्हणून घरात कोणालाही जुलाब लागले असतील तर बाटली बाजूला ठेवायची आणि नळ गाठायचा.

मग सॅनिटायझर घ्यायचं कशाला? तर नळ दहा पावलांवर असतो आणि रडणारं बाळ हाताशी असतं म्हणून. आजाऱ्याच्या उशाशी, प्रवासात, रात्री, मळ न लागलेल्या हातांसाठी ते उत्तम. मला न पटलेली पण खरी गोष्ट अशी, की त्वचा मऊ ठेवणारं द्रव्य घातलेलं चांगलं सॅनिटायझर वारंवार साबण लावण्यापेक्षा कातडीला कमी त्रास देतं. दिवसभर हात स्वच्छ ठेवावे लागणाऱ्या नर्सही ते वापरतात. माझ्या भेगा भरल्या त्या असं अदलून-बदलून वापरल्यावर आणि झोपताना जाडसर मलम चोपडल्यावर. बाळाला घेण्याआधी हात पूर्ण वाळू द्या आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. थोडंसंही पोटात गेलं तर लहान मुलाला ते घातक ठरू शकतं. ज्योतीजवळ तर नकोच.

वाइप्सना मी या स्पर्धेत धरतच नाही. बाळाचं ढुंगण पुसायला ठीक, हातावरचा मळ काढायला ठीक, पण त्याने हात धुतल्यासारखं होत नाही. हातमोज्यांचंही तेच. ते काढताना हाताला लागतंच, म्हणून काढल्यावर धुवायचंच. आणि हात कोरडे करायला विसरू नका. ओल्या हातांवरून जंतू कोरड्या हातांपेक्षा सहज पसरतात.

कोणाची काळजी घेताय, त्यावर कडकपणा ठरतो. पहिले दोन-तीन महिने नणंदेचंच राज्य असू द्या. इतक्या लहान बाळाला 38 अंश सेल्सिअस ताप आला तरी वाट न पाहता डॉक्टर गाठावे लागतात. पाहुण्यांना सर्दी-खोकला असेल किंवा ओठावर ज्वराचे फोड असतील तर हात धुऊन भागत नाही. बाळाची पापी नाही, आणि शक्यतो ती भेटच पुढे ढकला. डांग्या खोकला हवेतून पसरतो, त्याला साबण काय करणार? तिथे घरच्यांच्या लशी उपयोगी. बाळ रांगायला लागलं की सासूबाईंना हळूहळू मोकळीक द्या, फक्त आता भरवण्याआधी बाळाचेही हात धुवायचे. दुसऱ्यांदा गरोदर असाल तर मोठ्या मुलाची लाळ आणि लघवी हाताला लागल्यावर साबण टाळू नका. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू तिथून येतो आणि पोटातल्या गर्भाला बाधू शकतो.

केमोच्या माणसाचं गणित वेगळं. अनेक औषधांत डोस दिल्यावर साधारण एक ते दोन आठवड्यांनी रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या सगळ्यात खाली जाते. त्या दिवसांत आमच्याकडे कोणालाच सूट नव्हती, सासऱ्यांनासुद्धा नाही. आजाऱ्याचे स्वतःचे हात सगळे विसरतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे जखम किंवा लघवीची नळी हाताळण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा धुवायचं. आमच्यासारखं बाळ आणि आजारी दोघं एकाच माणसाच्या गळ्यात असतील, तर एका खोलीतून दुसरीत जाताना उंबऱ्यावर हात स्वच्छ करणं हा एकच नियम केला तरी बरंच साधतं.

राहिला प्रश्न सासूबाईंना सांगायचं कसं. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइसने शवविच्छेदन करून प्रसूतिगृहात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये तिथे 18 टक्क्यांवर असलेले बाळंतिणींचे मृत्यू जूनपर्यंत 2 टक्क्यांच्या आसपास आले. तरी बरेच सहकारी दुखावले, कारण त्यांना ऐकू आलं ते एवढंच, की तुमच्या हातांनी बायका मरतात. घरातही तसंच होतं. “हात धुतले का?” म्हटलं की समोरच्याला “तुमचे हात घाण आहेत” असं ऐकू येतं. मी विचारणं बंद केलं. दाराशी साबण आणि कोरडा टॉवेल ठेवला, आणि बाळाला त्यांच्या हाती देण्याआधी “थांबा हं, मी आधी माझे धुते” म्हणत बेसिनकडे जायला लागले. चौथ्या दिवशी त्याही मागोमाग आल्या. अजूनही धुताना एक ते वीस मोठ्याने म्हणतात, मला ऐकू येईल अशा आवाजात.