मंडळीतल्या विविधतेवरचा बायबल अभ्यास कोर्स: चार स्टार, पाचवा का कापला ते खाली

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मध्यंतरी हा कोर्स झाला. एक पुस्तिका, प्रत्येक भागाला एक व्हिडिओ आणि मग छोट्या गटात चर्चा, असा साधा मामला. कोर्सचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पुढे थोडी धुलाई पण आहे.

विविधता म्हटलं की सहसा काय होतं, आपण सगळे देवाची लेकरं, एक गाणं, एक ग्रुप फोटो, आणि पुढच्या रविवारी जो तो आपापल्या ओळखीच्या बाकावर. हा कोर्स तसा नाही. याची अट एकच आहे पण कडक आहे, गट तुम्ही निवडायचा नाही. वय, भाषा, शिक्षण, कामधंदा, मंडळीत जुने की नवे, सगळं बघून संयोजक चिठ्ठी काढतात. यावर सुरुवातीला भरपूर कुरकुर झाली, कारण लोकांना मैत्रिणीसोबत बसायचं असतं, वचन वगैरे नंतर.

पण या अटीतच सगळा माल आहे. पहिल्याच भागात उधळ्या पुत्राचा दाखला (बापाकडून वाटा घेऊन परदेशी गेलेला, सगळं उडवल्यावर दुष्काळात उपाशी पडलेला आणि शेवटी घरी परतलेला मुलगा, ही येशूने सांगितलेली गोष्ट) एकदा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि आठवेल तसा सांगायचा. बहुतेकांनी पैसे उडवले, डुकरं राखली, बाप धावत आला एवढं सांगितलं. आमच्या गटात एकजण कामासाठी घरदार सोडून आलेला, तो म्हणाला, "पण त्याला कोणी काही देईना, हे का नाही सांगितलं कोणी?" ओळ तिथेच आहे, लूक १५:१६, आम्ही सगळ्यांनी पाच मिनिटांपूर्वी वाचलेली.

हा प्रयोग कोर्सवाल्यांच्या डोक्यातून आलेला नाही, मार्क ॲलन पॉवेल नावाच्या अमेरिकन बायबल अभ्यासकाने तो आधीच केलाय. त्याने १०० अमेरिकन लोकांकडून ही गोष्ट सांगून घेतली, त्यात दुष्काळाचा उल्लेख फक्त ६ जणांनी केला. मग रशियात सेंट पीटर्सबर्गला ५० जणांना विचारलं तर ४२ जणांना दुष्काळ आठवला. ते शहर म्हणजे जुनं लेनिनग्राड, दुसऱ्या महायुद्धात वेढा पडून लाखो माणसं जिथे उपासमारीने गेली, मग त्यांना दुष्काळ कसा दिसणार नाही. म्हणजे सगळे एकाच साच्यातले बसले असतील तर वचनातली आख्खी ओळ गळते आणि गळली हे कळतही नाही. विविधतेचा मला पटलेला फायदा हाच, बाकी प्रेम, ऐक्य वगैरे ठीक आहे पण ते प्रत्येक प्रवचनात असतंच.

दुसरी गोष्ट कोर्सच्या बाहेरची पण सांगतोच. गटात एक काकू होत्या ज्यांना ऐकू येत नाही, सोबत खाणाखुणांच्या भाषेतली दुभाषी ताई. आता दुभाषी असली की एका वेळी एकानेच बोलावं लागतं, नाहीतर ती कोणाचं सांगणार. पहिल्या दिवशी चर्चा बैलगाडीच्या वेगाने चालली, दोघंतिघं चुळबुळ करत घड्याळ बघत होते. नंतर लक्षात आलं की एरवी जे दादा सगळ्यांना मधेच तोडतात त्यांना पण थांबावं लागतंय, आणि जी मुलगी कधी तोंड उघडत नाही तिला जागा मिळतेय. सोय काकूंसाठी केलेली, फायदा सगळ्यांचा.

प्रेषितांची कृत्ये, म्हणजे पहिल्या ख्रिस्ती मंडळीची हकिगत सांगणारं बायबलमधलं पुस्तक, त्याच्या अध्याय ६ वरचा भाग सगळ्यात भारी आहे. त्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी तक्रार येते, आणि बारा प्रेषित "आपण सगळे एकच आहोत, तक्रार कसली" असं म्हणत नाहीत. सात माणसं निवडायला लावतात, आणि त्या सातांची नावं बघा, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकनोर, तीमोन, पार्मिना, निकलाव, सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार त्यांच्याच माणसांच्या हातात वाटप दिलेलं दिसतं. पुस्तिकेत इथे प्रश्न आहे, तुमच्या मंडळीत पैशाचे आणि वाटपाचे निर्णय कोण घेतं? आमच्या गटात बराच वेळ शांतता. पाळकसाहेबांनी प्रश्न टाळला नाही, कमिटीची नावं स्वतः वाचून दाखवली, याबद्दल त्यांना फुल मार्क्स. नावं ऐकून लोक एकमेकांकडे बघायला लागले ती गोष्ट वेगळी.

आता धुलाई. व्हिडिओ विविधतेवर आणि बोलणारे सगळे एकाच वयाचे, एकाच थाटाचे पुरुष, काय बोलायचं. सबटायटल इतके पळतात की सावकाश वाचणाऱ्या आजोबांनी सरळ चष्मा काढून ठेवला. अंत्युखिया शहरातल्या त्या काळच्या मंडळीवर तर फक्त दीड पान. अरे, कृत्ये १३ मध्ये एकाच ओळीत बर्णबा, निगर म्हटलेला शिमोन, कुरेनेकर लूक्य, राज्यकर्त्या हेरोदाचा दूधभाऊ मनाएन आणि शौल (म्हणजेच पौल), राजवाड्यात वाढलेला माणूस आणि तंबू शिवणारा एकत्र उपासना करतायत, यावर दोन भाग सहज झाले असते!

आणि मोठी तक्रार म्हणजे समोरची बाजू मांडलेलीच नाही. डोनाल्ड मॅकगॅव्हरन या अमेरिकन मिशनरींनी १९५५ पासून मांडलं की माणसाला आपला समाज, आपली भाषा न ओलांडता ख्रिस्ती होता आलं तर मंडळी जोरात वाढते, आणि त्यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाले. मला ते पूर्ण पटत नाही, प्रेषित पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून मागे सरला तेव्हा पौलाने त्याला तोंडावर सुनावलं ते गलतीकरांच्या पत्रात आहेच. पण नवीन ठिकाणी आलेल्या माणसाला आठवड्यातून एकदा आपल्या भाषेत रडता यावं, प्रार्थना करता यावी, ही गरज खोटी नाही. कोर्स तिला फूट म्हणून मोकळा होतो, हे चुकीचं आहे.

घ्यायचा असेल तर व्हिडिओ गाळा, पुस्तिका ठेवा, दुभाषी आधी ठरवा आणि वेळ दुप्पट धरा. आणि हो, नवरा-बायकोला एका गटात अजिबात टाकू नका, एकच जण बोलतो.