वर्षाला १३०० रुपये आणि तासगावची डिस्क

सांगलीच्या गावभागात माझं टायपिंग-डीटीपीचं दुकान आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा दुकानातला कॉम्प्युटर आणि शेजारच्या कपाटातली बॅकअपची हार्ड डिस्क एकाच पाण्यात बुडाली. बॅकअप मी दर शनिवारी न चुकता घ्यायचे, पण तो त्याच खोलीत होता. रिकव्हरीवाल्याने डिस्क तीन आठवडे ठेवून घेतली आणि तशीच परत दिली. चौदा वर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, सगळं गेलं. कपाटात डीव्हीडीही होत्या, त्यांच्या खणात नुसता गाळ निघाला.

मेलमध्ये आणि छापखान्यात सापडलं ते गोळा केलं, वीसेक जीबी भरलं. मग गूगल वनचा, म्हणजे गूगलच्या इंटरनेटवरच्या जागेचा (क्लाउडचा), १०० जीबीचा प्लॅन घेतला. गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो असे तिघे वाटेकरी असतात आणि ती जागा भरली की मेल यायचे थांबतात. माझी गिऱ्हाइकं मॅटर मेलवरच पाठवतात, मला ते परवडणारं नाही. वर्षाला १३०० रुपये भरते. पहिल्यांदा सगळं वर चढायला दोन रात्री लागल्या, आता दिवसाचं काम आपोआप जातं.

जुलै २०२१ ला पुन्हा पाणी आलं. कॉम्प्युटर माळ्यावर चढवला आणि आम्ही तासगावला बहिणीकडे गेलो. एका पतसंस्थेचा अहवाल अर्धा झाला होता. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला, फाइल उतरवून घेतली आणि प्रूफ वेळेत पाठवलं. त्या दिवशी माझे सगळ्या वर्षांचे पैसे फिटले.

तरी नुसत्या क्लाउडवर मी विसंबत नाही. गेल्या वर्षी माझ्याकडे काम करणाऱ्या मुलीने जागा करायला म्हणून कॉम्प्युटरवरचा ‘जुनी कामं’ हा फोल्डर उडवला. फोल्डर ड्राइव्हला जोडलेला, त्यामुळे तिथूनही गेला. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवसच राहते, आणि आम्हाला कळलं दोन महिन्यांनी, एका शाळेने जुनी स्मरणिका मागितली तेव्हा. तिचा दोष नव्हता, तिला मीच सांगायला हवं होतं. स्मरणिका मिळाली ती तासगावच्या हार्ड डिस्कवर.

माझ्याकडे १ टीबीच्या दोन डिस्क आहेत. एक दुकानात, एक बहिणीच्या गोदरेजच्या कपाटात. दर दोन महिन्यांनी अदलाबदल करते, जुनी आणते, नवी ठेवते. तासगाव मुद्दाम निवडलं, कृष्णेचं पाणी तिथवर पोचत नाही. बरेच दिवस पडून राहणाऱ्या कॉपीसाठी मी एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) घेत नाही, वीज न मिळता फार काळ राहिली तर त्यातला डेटा जाऊ शकतो. पेन ड्राइव्ह छापखान्यात फाइल न्यायला ठीक.

माझ्या धंद्यातल्यांना एक सांगते. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं काम ठेवताना फॉन्टही बरोबर ठेवा, नाहीतर उघडल्यावर अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. पानं मांडायच्या पेजमेकर सॉफ्टवेअरची फाइल ड्राइव्हवर नुसती बघताही येत नाही. म्हणून प्रत्येक कामाची पीडीएफ मी त्याच फोल्डरमध्ये टाकते. आणि लोक आधार, पॅन स्कॅनला आणतात, ते कधीच वर चढवत नाही. काम झालं की त्यांच्यासमोर पुसते.

माझा मावसभाऊ लग्नाचं शूटिंग करतो. एका लग्नाचे दीडशे जीबी होतात. त्याला मी क्लाउड घे म्हणत नाही. २ टीबीचा प्लॅन वर्षाला ६५०० रुपयांचा, आणि तोही एका हंगामात भरेल. त्याने दोन डिस्क घ्याव्यात, दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात, आणि एडिट झालेली फिल्म तेवढी वर ठेवावी. परवा त्याची दुसरी डिस्क आली. ती आता बहिणीच्या कपाटात, माझ्या डिस्कच्या शेजारी आहे.